साथीला कोण?

गेल्या दिवाळीची गोष्ट. अभ्यंगस्नाने आटोपली होती, फराळाच्या ताटांभोवती घरातील तीन पिढ्या एकदिलाने बसल्या होत्या, आणि अशा मंगल प्रसंगी जो विषय काढू नये नेमका तोच आमच्या चिरंजिवांनी काढला.

"मग त्या लोकांना नाही म्हणून कळवलेस ना?" त्यांनी आपल्या कन्येला विचारले.

नातीने हातातली चकली ताटात परत ठेवली. चकली परत ठेवली गेली, त्याअर्थी प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले.

प्रकरण असे होते. नात पुण्याला शिकते आणि गिटार वाजवते. शिक्षण संपत आले आहे; गिटार मात्र वाढतच चालली आहे. एका गाणाऱ्या बाईंच्या मंडळींनी तिला चार महिन्यांच्या दौऱ्यावर साथीला बोलावले होते. चिरंजिवांना गिटारचे वावडे नाही. पहिली गिटार त्यांनीच आणून दिली होती. त्यांचे म्हणणे निराळे. "दहा वर्षे बोटे सोलवटून घेतली ती काय दुसऱ्याच्या मागे उभे राहण्यासाठी? गाणार त्या, टाळ्या त्यांना, फोटो त्यांचा. हिचे नाव कोणाला कळणार?"

मौज अशी की नातीलाही मनातून थोडे तसेच वाटत होते. जावेसे वाटे आणि कमीपणाही वाटे. म्हणून तिने होकार कळवला नव्हता, आणि नकारही.

"नाना, तुम्हीच सांगा हिला," चिरंजीव म्हणाले.

मी हिंगोलीच्या शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. या घरात माझा सल्ला घेतला जातो तो पंचांग, पाण्याची टाकी आणि विम्याचे हप्ते एवढ्यांपुरताच. तेव्हा मी सावधपणे लाडू तोंडात टाकला. तोंडात लाडू असलेल्या माणसाकडून उत्तराची अपेक्षा करू नये, हा शिष्टाचार आमच्या पिढीत तरी पाळला जातो.

नात उठली आणि आपला फोन व टोपलीएवढा एक ध्वनिवर्धक घेऊन आली. "आजोबा, सल्ला नंतर द्या. आधी हे ऐका. तबकडीचे नाव 'हम दोनो'."

"देव आनंदचा ना?" स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला. तो सिनेमा १९६१ सालचा, आणि तिच्या लेखी त्यानंतर सिनेमा निघालेलाच नाही.

"नाही आजी. हा लंडनचा. १९६९ सालचा. जॅझ आहे."

सौ. निराश होऊन कढईकडे वळली, आणि मी ऐकू लागलो.

खरे सांगतो, पहिली दोन मिनिटे मला काही उमगले नाही. बाजारच्या दिवशी चौकात उभे राहिल्यासारखे वाटले. सगळेच बोलतात, आणि आपल्याशी कोणीच बोलत नाही. मग नात शेजारी बसली आणि आमच्या भाषेत सांगू लागली. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात. मग प्रत्येक जण पाळीपाळीने त्या मुखड्याच्या चौकटीत आपल्या मनचे वाजवतो. चौकट ठरलेली असते. एक प्रकार बारा मात्राखंडांचा, आणि दर खंडात चार मात्रा. मी लगेच गुणाकार केला. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे बरोबर तीन आवर्तने त्रिताल! दुसरी चौकट बत्तीस खंडांची, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रा, आठ आवर्तने. आकडे जुळले आणि माझी भीड चेपली. गणित बसले की परके माणूसही घरचे वाटू लागते.

"आता सॅक्सोफोन चालला आहे," नात म्हणाली. "तो ऐकू नका. त्याच्या मागे गिटार काय करते ते ऐका."

मी कान त्या बाजूला लावला. सॅक्सोफोन श्वास घेण्यास थांबला की गिटार तेवढ्या फटीत दोन स्वर ठेवी. तो तारेत गेला की ही खालच्या सुरांचा एक पाट मांडून देई, जणू म्हणे, बसा, दमला असाल. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा तीच गिटार पुढे येऊन अशी काही बोलली की आत्तापर्यंत मागे होती ती हीच का, अशी शंका यावी. स्वर सरळ न देता तार ओढून, मींड घेऊन दिलेला. सतारीवर पडद्यातल्या पडद्यात तार खेचतात ना, तसा.

"हा आपल्याकडचाच दिसतो," मी म्हणालो.

"आहेच मुळी!" नात म्हणाली, आणि तिने मला अमान्सियो डिसिल्वा यांची हकिकत सांगितली.

डिसिल्वा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. आईवडील गोव्याचे. त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत आणि क्लबांत जॅझ वाजवणारी जी गोवेकर मंडळी होती, त्यांच्यातलेच हे एक. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांचे वादन ऐकून त्यांना एक उत्तम गिटार घेऊन दिली, असे सांगतात. पत्नी आयरिश, नाव जॉइस. मुलाच्या औषधोपचारासाठी १९६७ साली हे कुटुंब लंडनला गेले. तिथे डेनिस प्रेस्टन नावाच्या जाणत्या निर्मात्याने या माणसाची बोटे ओळखली. १९६९ साली 'इंटिग्रेशन' ही त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली. सॅक्सोफोनवर डॉन रेन्डेल आणि ट्रंपेटवर इयान कार, हे त्या वेळचे इंग्लंडमधले आघाडीचे वादक त्यांच्याबरोबर होते. गतींची नावे पाहा : 'गंगा', 'जयपूर', 'महाराणी'. एका गतीला तर आयर्लंडातल्या एका मुलखाचे नाव आहे, आणि योगायोगाने त्यात पत्नीचेही नाव येते. साऱ्या आयुष्याचा जमाखर्च एका तबकडीवर मांडलेला!

त्याच वर्षी 'हम दोनो' निघाली. यातले दुसरे म्हणजे जो हॅरियट, जमेकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक. एक गोवेकर आणि एक जमेकाकर लंडनच्या थंडीत भेटले आणि नाव हिंदी ठेवले. त्या तबकडीवर नॉर्मा विन्स्टन या बाई शब्दांवाचून गातात, केवळ आलापासारखे. एका गतीचे नाव गोव्यावरून आहे, तर एकीचे मुलाच्या नावावरून.

"म्हणजे स्वतःच्या नावावर दोन तबकड्या आहेत की!" चिरंजीव विजयी मुद्रेने म्हणाले. ते वर्तमानपत्राआडून सारे ऐकत होते. "मी काय वेगळे म्हणतो आहे?"

"थांबा बाबा," नात म्हणाली. "त्याच वर्षीची तिसरी ऐका."

तिसरी तबकडी होती 'आफ्रो-जॅझ'. मालक घानाचे ढोलवादक गाय वॉरन. वेष्टनावर नाव त्यांचे, ताल त्यांचे, राज्य त्यांचे. आणि त्या राज्यात आमचे डिसिल्वा साथीला. इथे गंगा नाही आणि जयपूरही नाही. इथे आफ्रिकेचा ढोल सांगेल ती पूर्व. नाटकातला नट आज राजा आणि उद्या हुजऱ्या होतो, आणि दोन्ही वेळा तितक्याच निष्ठेने रंग लावतो, तसा हा प्रकार. १९७१ साली याच हातांनी 'रिफ्लेक्शन्स' या तबकडीवर हळुवार, संध्याकाळी ऐकावे असे वादन केले. आणि १९७२ साली 'कॉस्मिक आय' या नावाच्या मेळाकडून, सतारतबल्याच्या संगतीत, स्वप्नांवरची एक लांबलचक रचना वाजवली. तिथे तर वेष्टनावर मेळाचे नाव पुढे, आणि माणसाचे मागे.

"एकच माणूस," नात म्हणाली. "कधी पुढे, कधी मागे. वाजवणे तेच."

चिरंजिवांनी वर्तमानपत्राची घडी केली. "आणि मिळाले काय?"

हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर गोड नाही. हॅरियट १९७३ साली, पन्नाशीही न गाठता वारले. डिसिल्वा यांनी १९७२ साली एक ध्वनिमुद्रण केले. नाव 'कोकण डान्स'. त्यात मुंबईच्या रस्त्यावरची एक गत आहे, सतार आहे, आणि तबल्यावर आहेत केशव साठे. ते ध्वनिमुद्रण तेव्हा निघालेच नाही. डिसिल्वा १९९६ साली गेले. 'कोकण डान्स' लोकांच्या हाती पडले २००६ साली. चौतीस वर्षे ते फितीवर पडून होते, आणि ज्याने वाजवले त्याला ते कधी बाजारात दिसले नाही.

चिरंजीव काही बोलले नाहीत. मीही नाही. मला मात्र मधेच एक नाव अडले होते. "केशव साठे म्हणालीस? म्हणजे आपले?"

आपलेच. जन्म मुंबईचा, १९२८ सालचा. पन्नाशीच्या दशकात ते लंडनला गेले आणि २०१२ पर्यंत जगले. जॉन मेयर या मूळच्या कलकत्त्याच्या संगीतकाराने पाच भारतीय आणि पाच जॅझचे, असे दहा वादक एकत्र करून १९६६ साली 'इंडो-जॅझ स्वीट' केला. त्यात तबल्यावर साठे आणि सॅक्सोफोनवर तेच जो हॅरियट. १९६७ साली युरोपातल्या वादकांबरोबर 'जॅझ मीट्स इंडिया' निघाली. तबल्यावर पुन्हा साठे, सतारीवर दिवाण मोतीहार, आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर. तंबोरा! सगळ्यांच्या मागे बसायचे, चार तारा छेडत राहायचे, आणि आपण थांबलो तरच लोकांना कळणार की आपण होतो. साथीचा याहून शुद्ध नमुना मला माहीत नाही.

वाचक म्हणतील, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. तसे नाही. आपल्या घरात रेडिओवर जे वाजले, त्यातही हेच हात होते. चितळकरांचा 'अलबेला' १९५१ साली आला आणि महाराष्ट्र नाचला. त्यातला तो ट्रंपेट चिक चॉकलेट यांचा. हे गोव्यातील हळदोण्याचे, खरे नाव आंतोनियो शाव्हिएर वाझ. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी अकरा राग जॅझच्या अंगाने बांधून एक तबकडी काढली. पुढे सतारीवर रईस खान. आणि मागे गिटारवर अनिबल कॅस्ट्रो व दिलीप नाईक. १९७३ सालच्या 'यादों की बारात'मधल्या एका गाण्याच्या आरंभी काचेचा किणकिणाट होतो आणि लगेच गिटार येते. ती वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. ते गाणे मी आयुष्यात काही शेकडा वेळा ऐकले असेल. गाणारी बाई कोण ते माहीत, पडद्यावरची कोण तेही माहीत. गिटार कोणाची, हे एकदाही विचारले नाही.

इथपर्यंत ऐकून झाले आणि मला माझ्याच घरातली एक गोष्ट आठवली. ती नातीला कोणी सांगितली नव्हती. सांगण्याजोगी आहे असे कोणाला वाटले नव्हते.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, तबला आणि पखवाज वाजवीत. पोटापाण्यासाठी ते सरकी-कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जिल्हा झाला तो १९९९ साली. बाहेरगावचे कीर्तनकार किंवा गवई येत ते पूर्णा-अकोला लहान गाडीने, आणि बहुधा कार्यक्रमाच्या तासभर आधी. दादा स्टेशनवर जाऊन उभे राहत. नमस्कार झाला की पहिला प्रश्न, "पट्टी कोणती बुवा? पांढरी चार की काळी एक?" स्टेशनपासून देवळापर्यंतच्या वाटेवर त्यांना त्या माणसाची सगळी चाल कळे. रात्री पाहणाऱ्याला वाटे, ही जोडी दहा वर्षांची आहे. नर्सीला नामदेवांच्या गावी एकादशीला अभंग, गणपतीत नाट्यपद, उरसात कव्वालीला ढोलक, शाळेच्या संमेलनात कोळीगीत; सगळीकडे दादा. चाळीस वर्षे.

कार्यक्रमाची हस्तपत्रके निघत. माझे अक्षर बरे म्हणून मजकूर मी लिहून देई. वरती 'सुश्राव्य कीर्तन', मग बुवांचे नाव मोठ्या टाइपात, मग स्थळ, मग वेळ, आणि शेवटी एक ओळ : 'साथ – स्थानिक कलावंत'. पेटीवाले, तबलजी, टाळकरी, झील धरणारे, सगळे त्या एका ओळीत मावत. छापखान्याचा दर ओळीवर असे, आणि मी गणिताचा मास्तर.

एकदा दादांनी हसत हसत विचारले होते, "यंदा नावे घातलीस का रे?"

"जागा नव्हती, दादा."

"बरोबर आहे. जागा कमीच असते." आणि ते तबल्याची गादी झटकायला लागले. पुन्हा त्यांनी कधी विचारले नाही.

दादा गेल्यावर त्यांची ट्रंक मी उघडली. तळाशी हस्तपत्रकांचा एक गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. प्रत्येक पत्रकावर 'स्थानिक कलावंत' या शब्दांच्या शेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, नावे लिहिलेली होती. पेटीला अमुक, टाळाला अमुक अमुक, चिपळ्यांना अमुक. तंबोऱ्याला कोणी शाळकरी पोर बसले असेल तर तेही. पट्टी कोणती होती तेही. आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतःचे.

ते मी सांगितले तेव्हा घरात कोणी काही बोलेना. सौ. कढईखालचा गॅस बंद करून दारात येऊन उभी होती.

"आजोबा, तो गठ्ठा कुठे आहे?" नातीने विचारले.

माझ्या कपाटात आहे. मी काढून दिला. तिने एकेक पत्रक उलगडून वाचले. दादांचे नाव मी या पानावर मात्र लिहीत नाही. जिथे छापायला हवे होते तिथे मी ते छापले नाही. आता माझ्याच लेखात छापून परतफेड केल्यासारखे दाखवणे मला बरे वाटत नाही.

चिरंजिवांनी मग मला सरळ विचारले, "म्हणजे तुमचे मत काय? जावे तिने?"

आमच्या जिल्ह्यात औंढ्या नागनाथाची एक कथा सांगतात. नामदेव देवळासमोर कीर्तन करू लागले, तेव्हा पुजाऱ्यांनी त्यांना उठवून देवळाच्या मागे पाठवले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरले. नंदी देवळाच्या पाठीमागे आहे त्याचे कारण म्हणून आजही ही कथा सांगतात. लहानपणी या कथेने मला फार धीर वाटे. गणित शिकवू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. देऊळ फिरले ते एकदा. साथीच्या माणसाने आपल्यासाठी ते दर वेळी फिरेल अशा हिशेबाने वाजवू नये. ते फिरवायला चमत्कार लागतो. ऐकणाऱ्याने आपली मान फिरवायला मात्र काही लागत नाही.

म्हणून मी चिरंजिवांना म्हणालो, "मागे उभे राहण्यात कमीपणा नाही. कमीपणा आम्ही आणला, नाव न लिहून. तिला वाजवायचे असेल तर जाऊ दे. आणि पोरी, तू एक कर. जाशील तिथे सगळ्यांची नावे छापतात का, एवढे आधी विचार. एकट्या तुझे नव्हे."

चिरंजिवांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. "पाहू," एवढेच ते म्हणाले. पण दुपारी त्यांनी तोच ध्वनिवर्धक आपल्या खोलीत नेला, आणि बंद दारातून गिटार ऐकू येत होती.

नात गेली. माघात तिने पहिल्या कार्यक्रमाच्या फलकाचा फोटो पाठवला. तळाशी सहा नावे होती, बारीक अक्षरात. तिचे चौथे. तेही चुकीचे छापलेले, ऱ्हस्वाचे दीर्घ झालेले. तिने खाली लिहिले होते, 'आजोबा, लाल शाई आणा.' मी फोटो सौ.ला दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "चूक असू द्या. आहे ना?"

वाचकहो, तुमच्याही घरी या दिवसांत दिवाळी पहाटेची बैठक होईल, नातवंडे काही लावतील, कोणी गाईल. गाणाऱ्याला दाद द्याच. पण एखादे कडवे असे ऐका की गाणे बाजूला ठेवून मागे काय चालले आहे तेवढेच ऐकू येईल. श्वासाच्या फटीत कोण दोन स्वर ठेवते आहे, ते पाहा. आणि कार्यक्रम संपल्यावर त्या माणसाला नाव विचारा. तेवढ्याने त्याचे घर चालणार नाही, हे खरे. पण घरी जाताना सांगण्यासारखे काही होईल.

यंदाच्या कोजागिरीला आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता. मजकूर लिहायला नेहमीप्रमाणे माझ्याकडेच आले. मी पेटी, तबला, टाळ आणि तंबोरा, पाचही जणांची नावे विचारून घेतली, ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासले आणि कागद दिला. छापखान्याच्या मुलाने तो वाचून बोटाने ओळी मोजल्या.

"गुरुजी, दोन ओळी वाढतील."

"वाढू द्या," मी म्हणालो.